टायमिंग बेल्ट आणि हाताचे दोन फेरे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून शाळेच्या वाटचालीवर किंवा चळवळीच्या एखाद्या पर्वावर काही मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर अधिकारवाणीने लिहिणारी मंडळी या अंकात आहेत. मी मात्र वेगळ्या विषयाची परवानगी मागून घेतली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, कळमेश्वरच्या माझ्या घरासमोरच्या अंगणात, मोटारीचा टायमिंग बेल्ट मी पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी बदलला. ते काम काय असते, ते कसे करावे आणि ते करताना मला काय शिकायला मिळाले, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या दारात आज जुनी का होईना, पण चारचाकी उभी असते. त्यांना या लेखाचा काही उपयोग व्हावा.

या कामामागे एक रात्र आहे. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबर महिन्यात वसतिगृहातील सातवीच्या एका मुलाला तापाने ग्लानी आली. त्याला घेऊन मी माझ्या जुन्या मारुती ८०० ने नागपूरच्या मेडिकलकडे निघालो. फेटरीच्या अलीकडे इंजिन एकाएकी बंद पडले. ना धडाका झाला, ना धूर निघाला. किल्ली फिरवली की स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि वेगाने फिरे, पण इंजिन काही केल्या पकड घेईना. मागच्या आसनावर मूल कण्हत होते आणि रस्ता सामसूम होता. अखेर संत्र्याच्या पेट्या घेऊन नागपूरला निघालेल्या एका टेम्पोवाल्याने आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतले. मूल बरे झाले. पण ती पंचवीस-तीस मिनिटे मी विसरू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने इंजिनाच्या बाजूचे झाकण उघडले, तेव्हा आतल्या पट्ट्याचे दाते झडून गेलेले दिसले. गाडी विकत घेताना विकणाऱ्याने मला सांगितले होते, "टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय, काळजी नको." मी पावती मागितली नव्हती, झाकण उघडून पाहिले नव्हते. वर्गात रोज मुलांना "याला पुरावा काय?" असे विचारणारा मी एका ऐकीव वाक्यावर विसंबून मुलाला घेऊन रस्त्यावर उतरलो होतो.

पट्टा नेमके काय करतो?

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, त्याचा भडका उडून पिस्टन खाली ढकलला जाणे आणि जळका धूर बाहेर टाकणे, अशा चार टप्प्यांत काम चालते. मिश्रण आत येण्यासाठी आणि धूर बाहेर जाण्यासाठी सिलिंडरच्या डोक्यावर झडपा असतात. त्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणतो. पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट इंजिनाच्या तळाशी असतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट अशा इंजिनांत वरच्या बाजूला असतो.

चार टप्पे पूर्ण होईपर्यंत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या गतीने फिरला पाहिजे. त्यासाठी वरच्या दातेरी चाकाला खालच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात आणि दोन्ही चाकांवरून आतल्या बाजूने दाते असलेला रबरी पट्टा फिरतो. तोच टायमिंग बेल्ट. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. एवढ्या घाईत वरचे आणि खालचे एकमेकांना चुकत नाहीत, ते या हातभर पट्ट्यामुळे.

बॉनेट उघडल्यावर बाहेर दिसणारा फॅन बेल्ट निराळा. तो तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही, पाण्याचा पंप त्यावर असेल तर इंजिन तापते. पण चालकाला सावध होण्यास थोडा वेळ मिळतो. टायमिंग बेल्ट झाकणाआड असतो आणि बहुधा कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो.

सपाट पट्ट्याकडून दातेरी पट्ट्याकडे

माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ही गिरणी पिढ्यानपिढ्या नागपूरच्या कामगार वस्त्यांचा आधार होती. त्या काळच्या कापड गिरण्यांत छताखाली एक लांबलचक दांडा फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे सपाट पट्टे खालच्या यंत्रांपर्यंत येत. सपाट पट्टा केवळ घर्षणावर चालतो. भार वाढला की तो थोडा घसरतो. सूत कातणाऱ्या यंत्राला एवढी घसरण चालून जाते. दोन भागांनी नेमक्या एकाच क्षणी भेटायचे असेल, तिथे मात्र ती चालत नाही.

या अडचणीवरचा उपाय शिलाई मशीनमधून आला. मशीनची वरची सुई आणि खालची बॉबिन यांची गाठ दर टाक्याला अचूक पडावी लागते. त्यासाठी १९४० च्या दशकात अमेरिकेत दातेरी रबरी पट्टा तयार करण्यात आला. मोटारीच्या इंजिनात मोठ्या प्रमाणावर तो प्रथम आला १९६२ मध्ये, जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या १००४ या छोट्या गाडीतून. आपल्याकडे रस्त्यांवर दीर्घकाळ राज्य करणाऱ्या ॲम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत हेच काम लोखंडी साखळी करी. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाबरोबर दातेरी पट्टा सामान्य भारतीय घरांच्या दारात आला. पुढे डिसेंबर १९९८ मध्ये पुण्याची टाटा इंडिका आली. तिच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनातही पट्टाच होता.

साखळी टिकाऊ, पण जड आणि आवाज करणारी. पट्टा हलका, शांत, स्वस्त आणि तेलाशिवाय चालणारा. मात्र त्याचे आयुष्य ठरलेले. आजच्या पुष्कळ गाड्यांत साखळी परत आली आहे. मारुतीची के-मालिकेतील इंजिने आणि फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन ही साखळीवरची आहेत. म्हणून आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हे सर्वांत आधी गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

पट्टा तुटला तर काय होते?

याची दोन उत्तरे आहेत. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाही पिस्टन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे पट्टा तुटला तर गाडी फक्त थांबते. नवा पट्टा बसवला की चालू लागते. माझी त्या रात्रीची गत तीच झाली. दुसऱ्या प्रकारच्या इंजिनांत दोघांची जागा एकच असते, वेळ तेवढी वेगळी. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जिथल्या तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि वेगात वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. डिझेल इंजिनात हवा फार लहान जागेत दाबली जात असल्याने पिस्टन वर अगदी टोकापर्यंत येतो. म्हणून पट्ट्यावर चालणाऱ्या डिझेल गाडीत हे नुकसान जवळजवळ अटळ समजावे. मग पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च इंजिन उघडण्यात जातो.

पट्टा कधी बदलावा, याचा आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेत असतो. बहुतेक गाड्यांत तो ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असतो आणि त्यासोबत वर्षांचीही मर्यादा दिलेली असते. गाडी फारशी चालली नाही, तरी रबर म्हातारे होतेच. आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यात तर ही वर्षांची मर्यादा कसोशीने पाळावी. आणि जुनी गाडी घेतली, पण पट्टा बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे.

तयारी

त्या रात्रीनंतर बसवलेल्या पट्ट्याची मुदत भरत आली, तेव्हा मी ठरवले की या वेळी हे काम आपण करायचे. मदतीला आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आला. आयटीआय करून तो आता कळमेश्वरच्या एमआयडीसीत नोकरी करतो. त्याने एकच अट घातली. "सर, मी बसून पाहतो. पाना तुमच्या हातात राहील जी."

साहित्य फार लागत नाही. नवा पट्टा आणि ताण देणारी चकती, म्हणजे टेन्शनर, हे दोन्ही गाडीचे मॉडेल व वर्ष सांगून विश्वासू दुकानातून पावतीसह घ्यावे. नवा पट्टा जुन्याशेजारी धरून रुंदी, दात्यांचा आकार आणि दात्यांची संख्या मोजून पाहावी. पट्ट्याच्या आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. त्या ताण सोसतात, पण घडी सोसत नाहीत. म्हणून पट्टा दुमडू नये, पिळू नये, त्याला तेलाचा हात लावू नये. याशिवाय रिंग पाने, मेकॅनिक ज्यांना गोट्या म्हणतात तो संच, टॉर्क पाना, पेचकस, टॉर्च, जॅक आणि लोखंडी घोडी लागते. टॉर्क पाना म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला गेला हे मोजून सांगणारा पाना. तो महाग असतो. मी उसना आणला.

आता सुरक्षेविषयी दोन शब्द, आणि हे प्रत्येकाने पाळावेत. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी असावी. हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. गाडी जॅकने उचलली की लगेच खाली घोडी लावावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग क्षणभरदेखील जाता कामा नये. इंजिन पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवावी.

उतरवण्याचे काम

पट्ट्याच्या बाजूचे पुढचे चाक काढले की हात घालायला जागा होते. मग सर्व स्पार्क प्लग काढावेत. त्यामुळे सिलिंडरमध्ये हवा कोंडत नाही आणि इंजिन हाताने सहज फिरवता येते. प्लगच्या तारांवर आधी क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात. त्यानंतर अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून फॅन बेल्ट काढायचा, पुल्या काढायच्या आणि शेवटी झाकण.

इथे माझ्या विद्यार्थ्याने शिकवलेली एक साधी युक्ती सांगतो. झाकणाचे बोल्ट एका लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर झाकणाचे चित्र काढावे आणि जो बोल्ट जिथून निघाला, तो चित्रात तिथेच टोचून ठेवावा. इतिहासात आपण वस्तू ज्या थरात सापडली त्या थराची नोंद ठेवतो. हे त्याहून वेगळे नाही.

झाकण निघाल्यावर पट्टा आणि दोन्ही दातेरी चाके दिसतात. आता लगेच पट्टा ओढून काढण्याचा मोह होतो आणि नवखा माणूस इथेच फसतो. आधी खुणा जुळवायच्या असतात. कॅमशाफ्टच्या चाकावर एक खूण असते आणि तिची जोडीदार खूण मागच्या स्थिर भागावर असते. क्रँकशाफ्टच्या चाकावरही तशीच खूण असून तिची जोडीदार शेजारी इंजिनाच्या अंगावर कोरलेली असते. क्रँकशाफ्टच्या बोल्टला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, सावकाश फिरवत दोन्ही जोड्या एकाच वेळी समोरासमोर आणायच्या. खालची खूण प्रत्येक फेऱ्याला जुळते, वरची मात्र दोन फेऱ्यांतून एकदाच. त्यामुळे फक्त खालची खूण पाहून समाधान मानू नये. जुळलेल्या खुणांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा आणि मोबाइलने समोरून छायाचित्र काढून ठेवावे.

त्यानंतर टेन्शनरचा बोल्ट सैल करून तो मागे ढकलायचा, म्हणजे पट्टा ढिला पडतो आणि हाताने बाजूला सरकवून काढता येतो. पट्टा निघाल्यावर क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्ट मुद्दाम फिरवू नये. मोकळ्या झालेल्या जागेत टॉर्चने नीट पाहावे. दातेरी चाकांमागच्या सीलमधून तेल झिरपत असेल, तर ते सील आधी बदलावे, कारण तेल लागलेला नवा पट्टा फार दिवस टिकत नाही. टेन्शनरची चकती बोटाने फिरवून खरखर ऐकू येते का, हेही पाहावे.

बसवण्याचे काम आणि माझी चूक

नव्या पट्ट्यावर दिशेचा बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेकडे ठेवायचा. पट्टा आधी खालच्या चाकावर घालायचा, मग टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवून वरच्या चाकावर. सारी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. मग टेन्शनर मोकळा सोडला की त्याची स्प्रिंग पट्ट्याला ताण देते.

हे सर्व मी केले. खुणा पाहिल्या, मला त्या जुळलेल्या वाटल्या. मी टेन्शनरचा बोल्ट आवळायला पाना उचलला, तेव्हा पायरीवर बसलेला माझा विद्यार्थी एवढेच म्हणाला, "सर, हातानं दोन फेरे फिरवून पाहा ना जी."

मी क्रँकशाफ्टला पाना लावला आणि हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवले. खालची खूण बरोबर जागेवर आली. वरची आली नाही. ती एक दाता मागे होती. पट्टा घालताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने कॅमशाफ्ट किंचित सरकला होता आणि मी वरून तिरका पाहत असल्याने ते माझ्या नजरेला कळले नव्हते. खालच्या चाकाला २० दाते आहेत असे धरले, तर एक दाता म्हणजे क्रँकशाफ्टच्या फेऱ्यातील १८ अंश. एवढ्या फरकाने व्हॉल्व्ह अवेळी उघडतात. इंजिन थरथरते, ओढ कमी होते, पेट्रोल जास्त लागते. चूक दोन-चार दात्यांची असेल तर गाडी सुरूच होत नाही, आणि पिस्टन-व्हॉल्व्ह एकमेकांना भिडणाऱ्या इंजिनात किल्ली फिरवताच व्हॉल्व्ह वाकू शकतात.

या दोन फेऱ्यांत संपूर्ण कामाचे मर्म आहे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे म्हणजे कॅमशाफ्टचा एक; म्हणजेच इंजिनाचे एक पूर्ण चक्र. हे चक्र हाताने फिरवले आणि कुठे अडकले, तर पाना जागीच थांबवता येतो. नुकसान होत नाही. हाताला कडक अडथळा लागला तर कधीही जोर करू नये. थांबून कारण शोधावे. तेच चक्र स्टार्टरने फिरवले, तर थांबवायला वेळ मिळत नाही. आणखी एक सूचना: नव्या पट्ट्यावर छापलेल्या रेषा दोन फेऱ्यांनंतर खुणांसमोर येत नाहीत. पट्टा तेवढ्यात आपला पूर्ण वळसा घेत नाही, त्यामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. चाकांवरच्या खुणा तेवढ्या पाहाव्यात.

मी पट्टा काढला, कॅमशाफ्ट पान्याने अलगद खुणेवर आणला, समोर गुडघे टेकून, डोळे चाकाच्या रेषेत ठेवून पुन्हा पट्टा बसवला. परत दोन फेरे. दोन्ही खुणा जुळल्या. खात्रीसाठी आणखी दोन फेरे फिरवले आणि मगच टेन्शनरचा बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळला. या बोल्टबाबत अंदाजाचे काम नको. तो सैल राहिला तर पट्टा दात्यांवरून उडी मारतो; अती आवळला तर आटे तुटतात.

नंतर उलट क्रमाने सर्व जोडणी केली: झाकण, पुल्या, फॅन बेल्ट, प्लग, चाक आणि शेवटी बॅटरीची तार. आत एखादा पाना किंवा चिंधी राहिली नाही ना, हे मोजून पाहिले. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले आणि शांतपणे चालू राहिले. सकाळी आठ वाजता सुरू केलेले काम दुपारी तीनला संपले. जाणता मेकॅनिक ते दोन-अडीच तासांत करतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हे काम सर्वांनी घरी करावे, असे माझे म्हणणे नाही. डिझेल गाडीत हाच पट्टा बहुधा डिझेलचा पंपही फिरवतो आणि जुळवायच्या खुणा वाढतात. काही इंजिनांत खुणाच नसतात. दांडे जागेवर धरून ठेवण्यासाठी खास साधने लागतात. अशा वेळी गॅरेजलाच जावे. पण तिथेही उभे राहून जुना पट्टा पाहावा, नव्याची पावती घ्यावी आणि "हाताने दोन फेरे फिरवून पाहिलेत का?" असे नम्रपणे विचारावे. एवढे ज्याला विचारता येते, त्याची फसवणूक सहसा होत नाही.

हात आणि पुस्तक

त्या दुपारी अंगणात बसून चहा घेताना मला आजोबांची आठवण झाली. त्यांच्या पिढीत यंत्राला हात कोणी लावावा, हेही जात ठरवत असे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्याची चांगल्या मजुरीची कामे अस्पृश्य कामगारांना बंद होती. धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यामुळे इतरांना विटाळ होतो, असे कारण दिले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. पुढे १९३६ च्या आपल्या सुप्रसिद्ध लिखित भाषणात त्यांनी जातिव्यवस्थेचे वर्णन केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी असे केले.

या विभागणीची दुसरी बाजू मी स्वतःच्या घरात पाहिली आहे. शिकलो, एम. ए. झालो, खुर्चीवर बसलो आणि नकळत पान्याला हात लावणे कमीपणाचे मानू लागलो. पुस्तक वाचणारा यंत्राला हात लावत नाही आणि यंत्र हाताळणाऱ्याला पुस्तकापासून दूर ठेवले जाते, ही तीच जुनी व्यवस्था नव्या कपड्यांत. माझ्या विद्यार्थ्याच्या एका हातात गाडीची पुस्तिका होती आणि नजर माझ्या पान्यावर. त्याच्यात ही दोन्ही टोके सहज जुळलेली होती. मी त्याला सातवीत ‘साधनांची चिकित्सा’ शिकवली होती. त्या दिवशी त्याने तीच मला परत शिकवली.

शेवटी त्याने खिशातून एक छोटे कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. पट्टा बदलल्याची तारीख, त्या वेळचे किलोमीटर, पट्ट्याचा भाग क्रमांक आणि काम करणाऱ्याचे नाव, असे चार रकाने त्यावर आखलेले होते. मी ते भरले. नावाच्या रकान्यात आम्हा दोघांची नावे लिहिली आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानाच्या पावतीसह गाडीच्या कागदपत्रांत ठेवले. पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला माझ्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही.